आधी तिची टोपली

दहिसरच्या मासळी बाजारात एक कोळीण अगदी कोपऱ्यात बसते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, म्हणून ती मला मास्तर म्हणते. बंदरावरून येणारा टेम्पो सगळ्या कोळणींनी मिळून ठरवलेला, बर्फही सगळ्यांचा एकच. पण गिऱ्हाईक दिसलं की पापलेटचे कल्ले उघडून दाखवत ही ते शेजारी बसणाऱ्या कोळणीसमोरून ओढून घेणार.

गेल्या रविवारी शेजारीण तापाने घरी होती आणि ही तिची टोपली विकत होती. स्वतःची तशीच ओल्या गोणपाटाखाली झाकलेली. दुसऱ्या दिवशी वर्गात मला भांडवलशाही आणि समाजवाद शिकवायचा होता, म्हणून जरा जास्तच कुतूहल वाटलं.

"शेजारीण एवढी लाडकी?" मी विचारलं.

"लाडकी कसली रे मास्तर, रोज भांडते." सुरी पाण्यात बुचकळत ती म्हणाली, "माझी आधी विकली ना, की माझे पाय घराकडे वळतात. मग तिची कोण विकणार? म्हणून तिची पहिली. माझी तर मी विकतेच."

सोमवारी फळ्यावर भांडवलशाही आणि समाजवाद असे दोन रकाने आखले आणि मुलांना ही गोष्ट सांगत बसलो. तास संपला तरी रकाने रिकामेच होते. मी ते तसेच पुसले.