मंगळावरचा राब

माणूस मंगळावर राहायला जाणार की नाही, याबद्दल शास्त्रज्ञांत अजून मतभेद असतील. वडिवळ्याच्या आमच्या आबांना मात्र त्यात तीळभर शंका नाही. जाणारच. प्रश्न एवढाच, की गेल्यावर राब कुठं भाजायचा. आबा म्हणजे माझे चुलतसासरे. मावळात भात करायचा तर आधी राब भाजावा लागतो. ज्या तुकड्यावर रोपं करायची तिथं शेण, पाला, काटक्या पसरायच्या, वर माती टाकायची, उन्हाळ्यातच ते सगळं जाळायचं आणि पाऊस तोंडावर आला की त्या राखेत बी फेकायचं. राब न भाजता भात लावणारा माणूस आबांच्या मते आळशी, आणि आळशी माणसाला एवढा खर्च करून मंगळावर नेण्यात काही अर्थ नाही.

हे वेड त्यांना लागलं ते मुलानं मोठा फोन घेऊन दिल्यावर. त्या वयाची माणसं फोनवर कीर्तनं ऐकतात, भजनं ऐकतात. आबांना कुठून कोण जाणे, रॉकेटं सापडली. तेव्हापासून आकाशातली प्रत्येक घडामोड ते बांधावर उभं राहून पाहावी तशी पाहतात. आपलं यान चंद्रावर उतरलं त्या दिवशी मी सासुरवाडीला होतो. सगळी आळी टाळ्या वाजवत होती आणि आबा फोन नाकाला लावून बसले होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "उतरलं ब्येस. पर जागा उताराची हाय, पानी थांबायचं न्हाई." मी म्हटलं, "आबा, तिथं पाणीच नाही." त्यावर त्यांनी माझ्याकडे अशी काही दया आलेल्या नजरेनं पाहिलं की मला उगाच बोललो असं झालं. "मंग तर बांध लय उंच घालाया पायजे," ते म्हणाले. लोणावळ्यात माझं वह्या-पेनांचं दुकान आहे, त्यामुळे अंतराळातल्या गोष्टी मला ठाऊक असणारच, असा त्यांचा समज होता. तो मी कधी खोडून काढला नाही. सासरी मान मिळण्याची संधी माणसाला फारशी येत नाही.

कामशेतला एका लग्नात कोणीतरी नवऱ्या मुलाची ओळख करून देताना तो इंजिनिअर असल्याचं सांगितलं. आबांनी अक्षता टाकायच्या आधी त्याला गाठलं. "रॉकेटात हाय का तुमी?" मुलगा म्हणाला, "नाही आजोबा, गिअरमध्ये." "ऱ्हाऊ द्या मंग," असं म्हणून आबा पंगतीत जाऊन बसले. घरात काकूंशी, म्हणजे माझ्या चुलतसासूबाईंशी, त्यांची नेहमीची कुरबूर चाले ती संकष्टीवरून. चंद्रावर वस्ती झाली की काकूंचा उपास सुटायचा कधी? चंद्राच्याच उरावर उभं राहून चंद्रोदय बघणार कसा? काकू म्हणाल्या, "तितून धरती उगवली का सोडीन." आबांनी हे मला विचारलं, मी शेजारच्या मास्तरांना विचारलं, तर कळलं की चंद्रावरून बघितली तर पृथ्वी आपली एकाच जागी उभी दिसते, उगवत नाही की मावळत नाही. हे ऐकून आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "मेलीस!" ते काकूंना म्हणाले. "जल्मभर उपाशी!" काकू शांतपणे तांदूळ निवडत होत्या. "तुमी जावा म्होरं," त्या म्हणाल्या. "माजी चतुर्थी मी हितंच सोडते."

पण या सगळ्या मंगळपुराणाच्या मुळाशी होता आबांचा आंबेमोहर. त्यांच्या आईपासून चालत आलेलं हे भाताचं बी. शिजायला लागलं की वास तीन घरांपलीकडे जातो, पण पीक कमी येतं आणि जरा वारा सुटला की उभं भात लोळतं. गावानं ते केव्हाच सोडून इंद्रायणी लावायला घेतला. आबांच्या मुलानं, म्हणजे माझ्या मेव्हण्यानंही घेतला. फक्त धरणाच्या बाजूचं एक खाचर आबांच्या हट्टापायी आंबेमोहराला राहिलं. भाताचं बी सोन्यासारखं पेटीत ठेवून चालत नाही. एक-दोन वर्षं पेरलं नाही तर रुजत नाही, मग ते फक्त तांदूळ उरतं. आणि नेमकं तेच खाचर विकत घ्यायला गिऱ्हाईक आलं होतं, कारण तिथून धरण छान दिसतं. आबांनी आयुष्यात धरणाकडे कधी छान म्हणून पाहिलेलं नव्हतं.

गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं की आबा त्याला बांधावर बसवत आणि मंगळाची माती आपल्या तांबड्या मुरमासारखी कशी आहे, तिथं जाणाऱ्यांना तांदूळ लागणारच, आणि लागला तर तो आंबेमोहरच कसा लागेल, हे सांगत. "हे बेनं मंगळावर जायाचंय," ते शेवटी म्हणत. "तवर ही जागा मोकळी व्हायची न्हाई." गिऱ्हाईक सभ्य होतं. ते मान डोलवी आणि जाताना मेव्हण्याला बाजूला घेऊन विचारी, की वडिलांची तब्येत बरी असते ना?

मंगळावर जाळ पेटत नाही, ही बातमी त्यांना दिली मीच. जाळाला लागते ती हवा तिथं नाही, असं मी चहा पिता पिता सहज बोलून गेलो. आबांनी कप खाली ठेवला तो उचललाच नाही. चहावर साय धरली. "म्हंजी राब न्हाई?" "नाही." "आन मंग रोपं?" दुसऱ्याच दिवशी त्यांनी एका पत्र्याच्या पिंपात शेण, पाला आणि मुरूम भरला, पेटवला आणि वरून झाकण दाबून बसवलं. हवेवाचून राब भाजतो का, ते त्यांना स्वतः बघायचं होतं. आत काय चाललंय हे बघायला त्यांनी मधेच झाकण उघडलं आणि आतला जाळ भप्पकन बाहेर आला. आबांना काही झालं नाही, भुवया तेवढ्या गेल्या. आळी घागरी घेऊन धावून आली. पुढं महिनाभर आबा बिनभुवयांचे हिंडत होते. त्यामुळे ते सदा कसल्यातरी आश्चर्यात असल्यासारखे दिसत. कोणी विचारलंच तर गंभीरपणे सांगत, "परयोग व्हता."

पिंपात जमलं नाही तेव्हा त्यांनी माती काकूंच्या तव्यावर भाजली. मंगळावर वीज असणार, शेगडी असणार, आणि शेगडीवर तवा ठेवायला कोण ना म्हणणार? भाकऱ्या झाल्या की काकू तवा त्यांच्याकडे सरकवत आणि तोंडानं एकसारखं बोलत राहत. पण तवा रोज सरकवत, हेही खरं. त्या भाजलेल्या मुरमात चिमूटभर राख आणि शेणखत घालून आबांनी जुन्या टबांमध्ये बी टाकलं. एके दुपारी मी दुकानात असताना त्यांचा फोन आला. आवाज इतका हळू होता की मला वाटलं काही वाईट घडलं. "पावनं," ते म्हणाले, "मंगळावर भात उगावला."

त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला खाचर गेलं. त्यात कोणी कोणाला फसवलं नाही, आवाजही चढवला नाही. मेव्हणा कंपनीतून पाळी करून आला, आबांच्या शेजारी पायरीवर बसला आणि म्हणाला, "आबा, मी थकलोय. कामावरनं आल्याव चिखलात उतरायची ताकद न्हाई ऱ्हायली अंगात. तुमच्यानं बी हुत न्हाई आता." गिऱ्हाइकाला, भावकीला, गावाला सगळ्यांना आबा पुरून उरले होते. मुलाच्या पाठीवर मात्र त्यांनी हात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी जाऊन सही केली. आठवड्यात खाचराला तारेचं कुंपण पडलं. टबांतली रोपं मात्र वीतभर वर आली होती आणि लावणी कोणासाठी थांबत नसते.

भर पावसात आबा माझ्या दारात उभे राहिले. काखेत ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या रोपांच्या जुड्या होत्या. "तुमच्या गच्चीव जागा हाय न्हवं?" एवढंच त्यांनी विचारलं. गच्चीवर आमची तुळस आणि अळू, बाकी नुसता कोबा. त्या दिवशी आम्ही बादल्या, टब, फुटका कूलर, सापडेल ते चिखलानं भरलं. जन्मात लावणी न केलेल्या मला त्यांनी रोप किती खोल रोवायचं ते शिव्या देऊन शिकवलं. पुढचे महिने ते रोज फोन करीत. मंगळ नाही, चंद्र नाही; फक्त "पानी हुबं हाय का?" लोणावळ्याच्या पावसात हा प्रश्न विचारणारे ते एकटेच असावेत.

दिवाळीनंतर कणसं पिकली. झोडून, पाखडून ओंजळभर भात निघालं. आबांनी त्यातले चार दाणे तळहातावर चोळले, हुंगले आणि एकेक करून पुन्हा सुपात टाकले. मला ते बघवेना. मी आपला थट्टेनं म्हणालो, "काय आबा, मंगळावर कधी धाडायचं?"

"मंगळ लय लांब हाय, पावनं," ते म्हणाले. "आदी फुडल्या साली कुटं लावायचं, ते बोला."

मी म्हणालो, "इथंच."

आबांनी तेव्हापासून मंगळाचा विषय काढलेला नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. कुठं नवं यान सुटलं, कुठं चंद्रावर घरं बांधायचं ठरतंय, अशा बातम्या मी आता शोधून शोधून त्यांना पाठवतो. ते त्या सगळ्या बघतात. मग फोन करतात आणि विचारतात, गच्चीवर ऊन किती वाजेस्तोवर असतं.