लाल पेनवाले सर आणि नाल्यापलीकडच्या बाया

आमच्या सरांना कोणी ‘नाही’ म्हटलेलं खपत नसे. कॅन्टीनवाला ‘समोसे नाहीत’ म्हणाला, की सर विचारणार, “नाईत, का तू पाह्यलं नाई?” तो बिचारा आत जाऊन परात बघायचा, नि कधीकधी एखादा समोसा निघायचाही. मग सरांचा चेहरा बघावा! वर्ध्याला ते आम्हाला संख्याशास्त्र शिकवत. खिशाला कायम लाल पेन, म्हणून ते लाल पेनवाले सर.

ते पेन एकाच कामासाठी. लॉजिस्टिक रिग्रेशन म्हणजे एखादी गोष्ट घडण्याशी कोणत्या घटकाचा किती संबंध, हे काढायचं गणित. त्याच्या तक्त्यात एखाद्या घटकाची पी व्हॅल्यू, म्हणजे संबंध नसतानाही असा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता, ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली, की आम्ही बिनधास्त लिहायचो, ‘संबंध नाही.’ सर ते खोडून वर लिहायचे, ‘कळलं नाही.’ म्हणायचे, “चार दाणे चावून पोत्यात कीड नाई म्हणतेस का व पोरी? आधी पाह्य, दाणे किती होते. मंग पाह्य, अंदाज कुठून कुठवर पसरला. मंग तोंड उघड.” हे मी झोपेतही म्हणून दाखवीन.

पुढे सरांच्याच हाताखाली गिरडकडच्या गावांचं काम मला मिळालं. बाई दवाखान्यात बाळंत झाली की घरीच, आणि ते कशामुळे, हे शोधायचं होतं. वय, शिक्षण, पहिलं मूल, असे घटक होते, आणि एक घटक नाला. पलीकडे दोन वस्त्या. नाल्याला पाणी आलं की दवाखान्याची गाडी अलीकडेच थांबते. पलीकडे एक गाडी कायमची ठेवायची का, ते आमच्या अहवालावर ठरणार होतं.

गावच्या आशा सेविका वंदनाताई माझ्यासोबत दारोदार फिरल्या. चिखलात माझी चप्पल गेली, तर स्वतःची काढून दिली नि आपण अनवाणी चालल्या. प्रत्येक दारात सांगायच्या, “खरं खरं सांग व माय, आपल्याले गाडी भेटणार हाय.” मी त्यांना थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं.

तक्ता तयार झाला. नाल्यापलीकडच्या बाया मोजक्याच, म्हणून अंदाज नुसता ताणलेला. नाल्यामुळे घरी बाळंत होण्याची शक्यता थोडी कमीही असेल, नि कितीतरी पटीने जास्तही. पी मर्यादेच्या वर. मी निर्धास्त होते. सर होते ना! मी स्वतःच लिहिलं, ‘कळलं नाही. बाया कमी होत्या. आणखी वस्त्या पाहाव्यात, तोवर गाडी नाकारू नये.’ सरांनी वाचलं, पेन खिशातून काढलंसुद्धा नाही. “शिकली पोरगी,” म्हणाले. त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते.

आरोग्य खात्याच्या साहेबांसमोरच्या बैठकीत सर बोलणार होते. पडद्यावर तक्ता आला. माझी ओळ गायब! तिथे लिहिलेलं, ‘नाल्याचा संबंध नाही.’

मोठ्या साहेबांनी विचारलं, “म्हणजे गाडीची गरज नाही?”

मी सरांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत म्हणाले, “आकडेवारीत तरी दिसत नाही.”

झालं! गाडीवर फुली पडली आणि चहा आला.

व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. “काऊन, सर?”

“साहेबाले ‘कळलं नाई’ चालत नाई व पोरी. त्याले हो पायजे, नाई तं नाई पायजे. पुढचं कामही त्याच्याच हातात हाय.”

“आणि ते पोतं? ते चार दाणे?” मी ओरडलेच.

ते चष्मा पुसत राहिले. ज्यांना हे कधी उमगलंच नाही, त्यांनी तसं लिहिलं असतं तर मी हसून सोडलं असतं. यांनी मला शिकवलं, आणि यांनीच केसाने गळा कापला. त्यांच्या निरोप समारंभाला मी गेले नाही. आजही पश्चात्ताप नाही.

वंदनाताईंना सांगायला मात्र जावंच लागलं. त्या अंगणात तूर पाखडत होत्या. “गाडी नाही मिळणार,” मी म्हटलं.

“काऊन? आमच्या बायांचं काय निघालं मंग?”

“कळलं नाही, ताई.”

सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, “तुमाले नाई कळलं, मॅडम. आमाले तं माहीत हाय.”

आता मी शिकवते. माझ्याही खिशाला लाल पेन असतं, काय करणार, सवय त्यांचीच लागली. पोरं ‘संबंध नाही’ लिहितात, मी खोडून ‘कळलं नाही’ लिहिते. आणि त्यापुढे एक शब्द जास्तीचा, जो सरांनी कधी लिहिला नाही: ‘कोणाला?’