टोळेकाकांचा वस्त्रगाळ भुसा

दिगंबर टोळे टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि मिरजेला परत न जाता चंदीगडलाच राहिले. कारण विचारलं की हवापाण्याचं नाव घेत, पण खरं कारण होतं शहरालगतच्या मुल्लानपूरच्या घराचं गॅरेज. गाडी त्यांनी उन्हात काढली आणि आत करवत, रंधा आणि लाकूड घासायचा सँडर मांडला.

सुतारकाम त्यांचं बेताचंच. आमच्या इथल्या मराठी मंडळाला दिलेलं स्टूल अजून डुगडुगतं. खरी हौस होती ती धूळ पकडण्याची. प्रत्येक यंत्राच्या तोंडाशी पाइप, पलीकडे जुना व्हॅक्यूम क्लीनर, मधे पत्र्याचं नरसाळं. जाड भुसा ड्रममध्ये पडायचा आणि पिठासारखी बारीक धूळ कापडी पिशवीत जायची. शिवाय खिळ्याला काकांचा मास्क. पाहुण्याला आधी ड्रमचं झाकण उघडून दाखवत, चहा मागाहून.

ती पिशवी दसऱ्याला रिकामी व्हायची, ती रत्नप्रभाकाकूंच्या हातात. मिरजेला काकू लहानपणापासून रंगवलेल्या भुशाच्या रांगोळ्या घालत आलेल्या. त्या धूळ चाळत, मग पातळ कापडातून वस्त्रगाळ करत, रंगवत, वाळवत. दिवाळीत फाटकापासून पायरीपर्यंत रांगोळी पसरायची आणि सगळी गल्ली फोटो काढायला यायची. "आमच्याकडे धूळसुद्धा वाया जात नाही," काका सांगायचे.

काकूंचा खोकलाही दसऱ्यालाच सुरू व्हायचा. त्याच दिवसांत शेतांतून पराली, म्हणजे भाताची धसकटं, जाळतात आणि अख्खं चंदीगड खोकतं, त्यामुळे काकांना गुन्हेगार शोधावा लागला नाही. धूर आत येऊ नये म्हणून त्यांनी व्हरांड्याच्या खिडक्यांना रबराच्या पट्ट्या मारल्या. त्या बंद व्हरांड्यात काकू चाळत बसायच्या. मीही तिथेच चहा पीत परालीच्या नावाने खडे फोडले आहेत, तेव्हा मी काही फार शहाणा नाही.

गेल्या ऑक्टोबरात काकूंना चार पायऱ्या चढून धाप लागली. सेक्टर ३२च्या सरकारी रुग्णालयात मी त्यांच्यासोबत होतो. तपासण्या झाल्यावर तरुण डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, फुफ्फुसं कमजोर झाली आहेत. कशाने ते शोधून आत्ताच थांबवलं नाही, तर गेलेला दम परत येणार नाही.

"घर में कोई लकड़ी का काम करता है?"

काका खुलले. रिपोर्टच्या मागे आकृती काढून त्यांनी यंत्रणा समजावली. "धूल बाहर आती ही नहीं, डॉक्टरजी!"

"और थैली में जो जमा होती है?"

उत्तर काकूंनी दिलं. "वो मैं छानती हूँ. रंगोली के लिए."

"मास्क लगाके?"

"मास्क इनका है जी. मशीन पे लगता है ना."

त्यात तक्रारीचा सूर नव्हता. तो असता तर काकांना जरा सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी पट्ट्या उपटल्या, व्हरांडा धुतला, पिशवीतली धूळ ओली करून अंगणात पुरली. यंत्रं विकायलाही निघाले होते. "नको," काकू म्हणाल्या, "मग दिवसभर घरात माझ्याच मागे फिराल." तेवढं बोलताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. मला वाईट वाटलं, आणि रागही आला; काकांचा किती आणि माझा किती, ते सांगता येणार नाही.

दिवाळीला काकूंनी पायरीपुरती रांगोळी काढली, पाण्यात कालवलेल्या तांदळाच्या पिठाची. शेजारच्या गिल आंटी फोन हातात घेऊन आल्या आणि थबकल्या. "भाभीजी, इस बार इतनी छोटी?"

"हाथ दुख रहा है," काकू म्हणाल्या.

काका स्टुलावर उभे राहून आकाशकंदील बांधत होते. "हाथ ठीक है इसका," ते वरूनच म्हणाले. "जो धूल मैं खुद नहीं खाता था, वो नौ साल इसको देता रहा."

गिल आंटींनी फोन पर्समध्ये ठेवला. काकूंनी पीठ लागलेली बोटं पदराला पुसली आणि वर पाहिलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "कंदील वाकडा लागलाय."