मिरचीच्या ढिगापुढे म्हटलेले स्तवन

कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या कुडावर माती लिंपलेल्या चार भिंती आणि वर कौले, एवढेच आमचे प्रार्थनामंदिर. माझे यजमान गावच्या शाळेत मास्तर. रविवारची उपासनाही तेच चालवीत. पण आम्ही पडलो नंदुरबारच्या ख्रिस्ती मंडळीची शाखा. शाखेच्या गावी प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या स्मरणार्थ भाकर-द्राक्षरस घेण्याचा विधी, होत नसे. त्यासाठी बैलगाडीने नंदुरबार गाठावे लागे. आमच्यातले ज्येष्ठ शेतकरी, ज्यांना सारे कारभारी म्हणत, त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती. गाडीचे हिसके तिला सोसणारे नव्हते. डोळे मिटण्यापूर्वी तिला ते भोजन गावातच मिळावे, एवढीच कारभाऱ्यांची इच्छा. मंडळी स्वतंत्र झाली तर ते शक्य होते, आणि त्यासाठी आमची श्रद्धा पारखायला थोरले पाळकसाहेब कापणीच्या सणाला यायचे होते.

मी पुण्याकडून आलेली, वृत्ते गिरवून मोठी झालेली. घरात भिल्ली आणि बाजारात अहिराणी बोलणाऱ्या त्या लोकांसाठी मी आभाराचे स्तवन रचले ते शार्दूलविक्रीडितात. त्यात मला काहीच विपरीत वाटले नाही.

आदल्या संध्याकाळी अवकाळी शिंतोडे आले. वाळत घातलेली मिरची कारभाऱ्यांनी घाईघाईने गोळा करून प्रार्थनामंदिरात आणून ओतली. गावात कौलारू छप्पर तेवढेच. सकाळी ते ती हलवू लागले, तेव्हा मीच त्यांना थांबवले. कौलांच्या फटीतून उतरलेली उन्हाची तिरीप त्या ढिगावर पडली होती. ओलसर मातीच्या वासात तो लाल रंग निखाऱ्यासारखा धुमसत होता. देवापुढे याहून सुंदर अर्पण कोणते, असे मी म्हणाले. शिवाय मेणबत्त्या विझू नयेत म्हणून खिडक्याही लावून घेतल्या. रंग दिसला की माझे नाक झोपी जाते.

उपासना भरली. मी स्तवन म्हणू लागले. पहिल्याच कडव्याला बायकांनी पदर डोळ्यांना लावले. दुसऱ्याला पुरुषांचे गळे दाटले. पाळकसाहेबांच्या दाढीवरून आसवे ओघळताना पाहिली, आणि शब्दांच्या सामर्थ्याने मी स्वतःच गहिवरले. लांबण नको म्हणून गाळायची ठरवलेली कडवीही मग मी सावकाश, यती सांभाळून म्हटली. माझेही डोळे झोंबत होते. ते मी प्रतिभेच्या खात्यात जमा केले.

पाळकसाहेब डोळे पुसत उठले. ते काही बोलणार, इतक्यात कारभारी उभे राहिले. गप्प राहिले असते तर त्यांचे काम झाल्यातच जमा होते.

"पाळकसाहेब, हाई रडनं भक्तीनं नही शे. मन्ही मिरचीनं शे."

धरणीने पोटात घ्यावे असे मला झाले. पण धरणीवरही मिरचीच पसरलेली होती.

पाळकसाहेबांनी आधी खिडक्या उघडायला लावल्या. मग मनसोक्त खोकून घेतले.

"ते मला दारातच कळलं होतं," ते म्हणाले. "पण इतका वेळ एकही माणूस उठून बाहेर गेला नाही, आणि आता खरं बोलायलाही तुम्ही कचरला नाहीत. मला आणखी काही पारखायचं नाही. पुढच्या रविवारी प्रभुभोजन इथंच होईल. मिरची बाहेर काढा आणि आईची खाट आत आणा."

वारा आत आला तसे सगळ्यांचे डोळे निवले. कारभाऱ्यांचे तेवढे वाहतच राहिले.

त्या सकाळी मंडळीने अधिक काय सोसले, मिरची की माझे स्तवन, याचा खुलासा पाळकसाहेबांनी केला नाही. मीही विचारला नाही.