चोवीस चौकटींतली चाल

माणगावच्या रद्दीवाल्याने ती तीन पुस्तकं तागडीवर घालून मला दिली. संगणकाची कुठलीशी शिकवणी बंद पडली होती आणि तिचं सगळं सामान त्याच्या दुकानात येऊन पडलं होतं. खुर्च्या, फळा आणि विटेसारखी जाड इंग्रजी पुस्तकं. मी माणगावला गेले होते नोकरभरतीच्या परीक्षेला. पेपर वाईट गेल्यामुळे डोकं फिरलेलं होतं आणि एस.टी.ला अवकाश होता, म्हणून दुकानात शिरले. वरच्या पुस्तकाच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक काडीचा माणूस छापला होता, दर पानावर जरासा पुढे गेलेला. पानं फरफर सोडली की तो चालायचा. मी ती उभ्या उभ्या दहा-बारा वेळा सोडली.

"ताई, घेताय का इथेच झिजवताय?" रद्दीवाला म्हणाला.

मी घेतली. ती मांडीवर ठेवून रेवदंड्यापर्यंत आले आणि उतरले तेव्हा पायाला मुंग्या आल्या होत्या.

आमचं घर कोळीवाड्यात, खाडीच्या तोंडाशी. बाबांची होडी आहे आणि आई मासळी विकते. मावशीच्या मुलाने नवा घेतला म्हणून त्याचा जुना संगणक माझ्याकडे आला होता. तो जाळ्यांच्या खोलीत होता, कारण दुसरी जागाच नव्हती. पुस्तकं ॲनिमेशनच्या ज्या सॉफ्टवेअरवर होती त्याची जुनी आवृत्ती मला मिळाली, पण पुस्तकं त्याहूनही जुनी. पुस्तकात लिहिलेलं असायचं, डावीकडच्या तिसऱ्या चिन्हावर टिचकी मारा. आमच्याकडे तिसरं चिन्ह सगळं पुसून टाकायचं. शेवटच्या पानाला सीडीसाठी प्लास्टिकचा खिसा होता आणि खिशात सीडी नव्हती. लेखक मात्र जाम उत्साही. प्रत्येक धड्याच्या शेवटी तो म्हणायचा की पाहा, किती सोपं होतं! त्याच्या या एका वाक्यापायी मी ते पुस्तक दोनदा भिंतीवर फेकलं आहे. मी मुळातच तापट.

आधीच्या वाचकाने पेन्सिलीने टिपणं केली होती. पहिल्या शंभर पानांत गच्च, मग तुरळक. माणसाच्या चालण्याचा धडा सुरू होतो तिथे त्याने 'समजले नाही' असं लिहिलं होतं आणि त्यापुढची पानं कोरी होती. तिथपर्यंत तो मला सोबत होता. त्यापुढे आपण एकट्याच, या विचाराने मी खरोखर घाबरले होते.

पण त्याआधी चेंडू. पहिल्या चौकटीत चेंडू वर ठेवायचा, बाराव्या चौकटीत जमिनीवर, चोविसाव्या चौकटीत पुन्हा वर. चोवीस चौकटी म्हणजे एक सेकंद. मधलं सगळं संगणक भरतो. मी भरायला लावलं, तर चेंडू लिफ्टसारखा खाली आला आणि लिफ्टसारखाच वर गेला. मग पुस्तकाने सांगितलं की त्याच्या हालचालीचा आलेख उघडा आणि त्या रेषेला वाक द्या. ते वाचून मी बाबांच्या जाळ्याचा एक गोल बोया घेतला आणि लादीवर टाकून पाहिला. शंभरदा तरी टाकला असेल. वर गेला की तो क्षणभर थांबतो, जमिनीजवळ मात्र अजिबात रेंगाळत नाही. मी रेषेचं टोक धरून हलकेच ओढलं आणि पुन्हा चालवलं.

चेंडूला वजन आलं.

ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. पडद्यावर काय होतं? एक राखाडी गोळा. त्याला ना रबर, ना हवा, ना जमीन. मी फक्त एक रेषा वाकवली आणि तो जड झाला, जमिनीवर आपटला, मला तो आपटल्यासारखा ऐकूसुद्धा आला. माझ्या हातून असं काही घडू शकतं हे मला माहीत नव्हतं. मी बाहेर जाऊन आईला हात धरून आत आणलं. तिने चेंडू पाहिला, म्हणाली, "उडतोय की," आणि वाळत घातलेले बोंबील पालथे करायला परत गेली. मी तशीच बसून राहिले, डोळ्यांत पाणी घेऊन, एका चेंडूपायी.

या नादात दीड वर्ष गेलं. मग जूनमध्ये मासेमारी बंद झाली, होड्या वर ओढल्या गेल्या आणि बाबा दिवसभर घरात, म्हणजे माझ्याच खोलीत, जाळी विणत बसू लागले. त्यांनी माझ्यासाठी बर्फाच्या कारखान्यात कारकुनाची जागा ठरवली होती. ओरडले नाहीत, पण साफ सांगितलं.

"होड्या पाण्यात उतरतील तवर बग. तुजं काय जमलं तर बरंच हाय. न्हाय जमलं तर संगणक परत द्यायचा आन् कारखान्यात जायचं. व्हय का न्हाय?"

मी व्हय म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्याच पावसाळ्यात मुंबईच्या एका स्टुडिओने शिकाऊ मुलांसाठी परीक्षा ठेवली. सगळ्यांना त्यांनी एकच आकृती पाठवली होती. राखाडी, गुळगुळीत, तोंड नाही, केस नाहीत, कपडे नाहीत, बाई की बाप्या तेही कळू नये अशी. अट एका ओळीची होती. एक व्यक्ती, एक ओझं, दहा सेकंद. निवड झाली तर काम, नाही तर बर्फ.

"हिला नाक का न्हाय?" जाळ्यावरून मान वर करून बाबांनी विचारलं.

"सगळ्यांना सारखीच दिलीय."

"मंग नाक तरी सारखंच द्यायचं."

ओझं कुठलं घ्यायचं याचा मी क्षणभरही विचार केला नाही. मासळीची पाटी. जन्मल्यापासून तेच ओझं पाहिलंय. चुंबळ, त्यावर पाटी, एक हात वर आणि एक हात मोकळा. चालण्याचा धडा मी वीस-एक वेळा वाचला. त्यात एक नियम जाड अक्षरांत छापला होता: चालताना डोकं दर पावलाला खालीवर झालंच पाहिजे, डोक्याची रेषा सपाट राहिली तर चाल मेली म्हणून समजा. मी तो नियम मन लावून पाळला. तीन आठवडे खपून दोन पावलं केली. डोकं खाली, डोकं वर, वर पाटी, आणि समुद्राच्या भरतीसारखी सुरेख वळणारी रेषा. लेखक असता तर म्हणाला असता, पाहा, किती सोपं होतं.

आईला दाखवलं. ती दारातच उभी होती, हाताला खारं पाणी. हसायलाच लागली.

"पडली गो तिची पाटी."

"कुठे पडली?"

"दुसऱ्या पावलालाच पडली. आन् मासळीचं पानी समदं डोल्यात गेलं. दारू पिऊन चाललीय काय?"

मी भडकले. पुस्तक उघडून जाड अक्षरं तिच्यापुढे धरली, जणू ती वाचणारच होती. तिने पुस्तकाकडे पाहिलंसुद्धा नाही. पडवीत गेली, पावसाने भिजलेली रेती पाटीत भरली आणि बाबांना म्हणाली, "हात लावा." बाबांनी जाळं बाजूला ठेवून पाटी तिच्या डोक्यावर दिली आणि ती पडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू लागली.

"डोकीवर ओझं आसलं की मान हालत न्हाय. गुडगं खातात समदं. बग."

मी पाहिलं. अगदी खरं सांगते, तोपर्यंत कधी पाहिलंच नव्हतं. रोज सकाळी ती बंदरावरून रिक्षा-स्टँडपर्यंत अशीच जाते आणि मी तिला हजारदा पाहिलं असेल, पण मी पाटी पाहिली, मासळी पाहिली, उशीर झालेला पाहिला. चाल पाहिलीच नव्हती. तिची मान एका जागी होती. पाटीच्या काठावर पाण्याचा पेला ठेवला असता तरी सांडला नसता. सगळी हालचाल कमरेखाली. गुडघे किंचित वाकलेले, कधीच पुरते ताठ न होणारे, कंबर आडवी झुलणारी, अनवाणी पाऊल आधी बोटांनी जमीन चाचपणारं आणि मग टाच. मी जमिनीवर आडवी पडून तिची पावलं पाहिली. पाऊण तास ती बाई ओली रेती डोक्यावर घेऊन माझ्यासाठी फिरली आणि मध्येच म्हणाली, "झालं का तुजं? भात करपंल."

मी डोक्याची ती सुरेख रेषा पुसून टाकली आणि सपाट केली, पुस्तकाने मेलेली म्हटलं होतं तशी. मग त्या सपाट रेषेखाली एकेक सांधा बांधत गेले. आधी कंबर, मग गुडघे, मग पावलं, शेवटी बोटं. बारा दिवस लागले. पुढून पाहिलं तर पाटी धरलेला हात मनगटात विचित्र मोडायचा आणि ते काही केल्या सुधारेना, म्हणून मी लबाडी केली. कॅमेरा मागे नेऊन ठेवला. पाठमोरी बाई, चालत निघालेली.

चालवली. आणि चेंडूच्या वेळचं ते थक्क होणं काहीच नव्हतं असं झालं. पाटी क्षितिजासारखी स्थिर होती आणि तिच्याखाली कुणीतरी जिवंत चाललं होतं. मी ते केलं होतं, प्रत्येक चौकट माझ्या बोटांतून गेली होती, तरी ती बाई माझ्या ओळखीची नव्हती. घाबरून तिला 'आई' अशी हाक मारायचीच काय ती बाकी राहिली होती.

आई आली. उभी राहिली. ती पावलं संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची, त्यामुळे बाई चालतच राहायची. आई या खेपेला हसली नाही. खाली बसली.

"ही माजी आय हाय," ती म्हणाली.

मला वाटलं माझ्या ऐकण्यात किंवा तिच्या सांगण्यात काहीतरी चुकलं. मी तर तिचीच चाल उचलली होती. तिची आई मी पाहिली नाही, ती माझ्या जन्माच्या कितीतरी आधी गेली. तिचा एकही फोटो नाही. आईला तिचा चेहरा आता आठवत नाही, हे तिने एकदा मला निवडणं-टिपणं करता करता सांगितलं होतं, आणि सांगितल्यावर दिवसभर कुणाशी बोलली नव्हती.

"तवा रिक्षा न्हवत्या. आय चौलच्या पल्याड गावोगाव चालत जायाची. मी तिच्या मागं. तोंड कवा दिसनार? पाठच दिसायची. ही पाठ."

तोंड नसलेली, केस नसलेली राखाडी आकृती. मनगटातली चूक लपवायला मी ती पाठमोरी केली होती. आईची चाल तिच्या आईच्या मागे चालता चालता तिच्या पायांत उतरली होती, आणि ती मी पडवीत जमिनीवर पडून, रद्दीतल्या पुस्तकाच्या आधाराने, चोवीस चौकटींत भरली होती. बाबांचा हात जाळ्यात तसाच थांबला होता.

"कुटं चाललीय ती?" आईने विचारलं.

"कुठंच नाही. ती अशीच चालत राहते."

"उतरव गो तिची पाटी."

मी तिला समजावलं. अट एकाच व्यक्तीची आहे. आणि आमच्याकडे भरलेली पाटी कुणी एकटीने डोक्यावर घेत नाही आणि एकटीने उतरवत नाही. समोर दुसरी लागतेच. बंदरावर "हात लाव गो" अशी हाक आली की जिच्याशी सकाळीच भांडण झालंय तीसुद्धा हातातलं टाकून येते. दुसरी आकृती घातली तर अट मोडते, म्हणजे मी बाद, म्हणजे बर्फाचा कारखाना. पाठवायला पाच दिवस उरले होते.

आई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "आयची पाटी मीच उतरवायची. जोत्याच्या पायरीवर उबी ऱ्हायाची, तरी टाचा उचलाय लागायच्या."

एवढंच. उठून गेली. हट्ट तिने जन्मात कधी केला नाही, तो केला असता तर मला नाही म्हणता आलं असतं.

पाच दिवसांत मी तीच आकृती लहान करून आणखी एक केली आणि तिला पायरीवर उभी केली. उतरवण्याचा धडा कुठल्याच पुस्तकात नव्हता. आई-बाबांनी रेतीची पाटी किती वेळा चढवली आणि उतरवली, देव जाणे. शेवटी आठव्या सेकंदाला बाई पायरीपाशी पोचू लागली, गुडघ्यांत वाकू लागली आणि छोटी टाचा उचलू लागली.

आईला समोर बसवून दाखवलं. तिचे हात मांडीवर होते. बाई पायरीशी आली, वाकली, आणि आईचे दोन्ही हात मांडीवरून उठले. तळवे वर, बोटं पसरलेली, पडद्यापासून हातभर अलीकडे, हवेत. तिला ते कळलंही नाही. पाटी उतरली, बाई बोटभर उंच झाली, तेव्हा कुठे आईचे हात खाली आले.

मी तेच पाठवलं.

होड्या पाण्यात उतरायच्या आदल्या दिवशी उत्तर आलं. कामावर बोलावलं होतं. खाली एक ओळ होती: आम्ही एकच व्यक्ती सांगितली होती, मग ही दुसरी कोण?

मी लिहिलं, ती माझी आई आहे, तिच्याशिवाय पाटी खाली येत नाही.