विहिरीकडचं रान

हे मी अविनाशलाही सांगितलेलं नाही. आता नवऱ्यालाच सांगितलं नाही म्हटल्यावर बाकी कुणाला सांगण्याचा प्रश्न नव्हता. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझ्या भावाला ओळखत नाही. ओळखत असतात तर जमलं नसतं — त्याचा चेहरा एकदा पाहिलेल्या माणसापुढे हे बोलणं अवघड आहे.

आधी एक सांगून टाकते. मी मानी बाई आहे. नांदेडला एका शाळेत विज्ञान शिकवते, पर्मनंट आहे, कुणापुढे हात पसरलेला नाही. लग्नही स्वतःच जमवलं. अविनाश लातूरचा, नर्सिंग शिकून आयर्लंडला गेलेला. दोन वर्षं आमची सगळी भेट फोनवरच. शेवटी मी ठरवलं, लग्नाला हो म्हणण्याआधी हा माणूस तिकडे कसा राहतो ते उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊन बघायचं. मुलीनं एकटीनं जायचं, मुलगा बघायला, तेही परदेशात? नायगावजवळच्या आमच्या गावात असलं काही कुणी ऐकलंही नव्हतं. मला त्याचा अभिमान होता. अजून आहे.

टुरिस्ट व्हिसाच्या अर्जासाठी लातूरच्या एका एजंटकडे गेले. त्यानं माझे कागद उलटेपालटे केले. "मॅडम, पक्की नोकरी हाय, शाळेचं पत्र हाय, खात्यात पैसे हायत. तुम्ही परत येणार हे दिसूनच राहिलंय." मी मुद्दाम विचारलं — शेती दाखवावी लागते का? "असली तर लावा, नसली तर राहू द्या. काही अडत न्हाई."

हे ध्यानात ठेवा. कारण पुढचं सगळं मी हे ऐकल्यावर केलं.

आई केव्हाच गेली होती, बाबा आदल्या वर्षी गेले. सातबाऱ्यावर वारस म्हणून दादाचं आणि माझं नाव लागलं होतं, आणि आता त्यातलं माझं काढायचं होतं. म्हणजे मी हक्कसोडपत्र करून द्यायचं. आमच्याकडे बहिणी देतातच. तिन्ही आत्यांनी दिलं. नवी साडी, गोडाचं जेवण, ऑफिसात सही-अंगठा, झालं. भांडण नाही, जबरदस्ती नाही. तुला काय वाटतं, असं फक्त कुणी विचारत नाही.

दादा एका रविवारी नांदेडला आला, वहिनीनं निवडलेली साडी घेऊन. "बाई, मंगळवारी येतीस का? तेवढ्या सह्या उरकून टाकू." दळण टाकून ये म्हणावं, तितक्या सहज. त्याच्या मनात लोभ नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. आणि माझ्या मनात काय होतं? मला नाही म्हणायचं होतं. वर्गात पोरींना मोठ्या आवाजात हक्काच्या गोष्टी सांगणारी मी — सख्ख्या भावापुढे "मला माझा वाटा पाहिजे" एवढं वाक्य तोंडातून निघेना. मागितलं तर मी लहान होईन, असं वाटलं. मानी माणसाला मागणं जमत नाही. मग मी काय केलं?

"दादा, आत्ता नको," मी म्हणाले. "व्हिसाच्या साहेबाला माझ्या नावावर जमीन दाखवावी लागती."

"तिकडच्या साहेबाला आपल्या रानाचं काय करायचं?"

"जमीन असली की माणूस माघारी येतो, असं हाय त्यांचं."

तो हसला. "बराबर हाय की मग." लगेच पटलं त्याला, कारण त्याच्यापुरतं ते खरंच होतं. बाबांच्या आजारपणात पुण्याची नोकरी सोडून तो गावी आला होता आणि मग इथलाच झाला होता.

गोष्ट इथंच थांबली असती तर मी कदाचित गप्प बसले असते. पण आठवड्यानं त्याचा फोन. "बाई, दोघांचं नाव बघून साहेबाला पटायचं न्हाई. म्हणंल, जमीन भावाचीच हाय. तुझं येगळंच करून देतो." मी त्याला थांबवू शकत होते. राहू दे दादा, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. म्हटलं का? नाही. त्यानं रीतसर वाटणी केली, तलाठ्याकडे खेटे घातले, वहिनीचा अबोला सोसला — आणि माझ्या नावावर केलं ते विहिरीकडचं दोन एकर रान. आमच्यातला सगळ्यात चांगला तुकडा. साहेबाला पाण्याखालची जमीन दिसलेली बरी, म्हणे. इतका भोळा नाही हो तो. सोयाबीनचा भाव करताना बघा एकदा. फक्त मी खोटं बोलेन, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नाही.

आणि तो उतारा मी अर्जाला लावलाच नाही. मी माझ्या नोकरीच्या बळावर जाणार, भावाच्या जिवावर नाही — वर हा ताठा! व्हिसा मिळाला. दादानं गावात पेढे वाटले. "आपल्या रानावर मिळाला बाईला व्हिसा," असं तो हॉटेलात चहा पिता पिता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता.

मी गेले, बघितलं, परत आले, लग्न केलं. अविनाशचं काम तिकडंच राहिलं, माझं इकडं. दर उन्हाळ्यात नवा व्हिसा, आणि दर उन्हाळ्यात दादा सह्यांचा विषय काढायचा नाही. खोटं मी एकदाच बोलले होते. पुढं ते आपोआप चालत राहिलं.

तुम्हाला वाटेल, मला आता त्या रानाची लाज वाटते. अजिबात नाही. बांधावर उभी राहिले की मान वर होते माझी. आमच्या घराण्यात एकटीच्या नावावर जमीन असलेली मी पहिली बाई. कायद्यानं ते माझंच होतं. मग सरळ का नाही मागितलं? दादानं नाही म्हटलं असतं का? माहीत नाही. त्यानं आपण होऊन दिलं असतं, किंवा कडाडून भांडला असता — दोन्हीतलं काहीच मी त्याला करू दिलं नाही. मी त्याला विचारलंच नाही. जसं मला कुणी विचारलं नव्हतं.

गेल्या महिन्यात ठरलं, अविनाश कायमचा परत येतोय, लातूरला नोकरी मिळाली. दादाला फोन केला. लई खूश झाला. मग जरा घुटमळला.

"म्हणजे आता व्हिसा लागणार न्हाई."

"न्हाई."

"मग त्या सह्यांचं कसं करायचं, बाई?"

नवी थाप रचायला मला किती वेळ लागला असता? पण मी म्हणाले, "दादा, मी सही करणार न्हाई. रान माझं हाय. माझ्याकडंच राहू दे." आवाज कापला नाही. चार वर्षांत पहिल्यांदा सरळ बोलले आणि मला माझाच अभिमान वाटला.

आता हा ओरडणार, असं वाटलं. 

"राहू दे," तो म्हणाला. आणि मग अगदी हळू — "पर बाई, तवा त्या साहेबानं आपलं रान बघूनच दिला ना गं व्हिसा?"

जमिनीचं बोलून झालं होतं. भ्यायला काही उरलं नव्हतं. खरं सांगायला याहून चांगली वेळ मला पुन्हा मिळणार होती का?

"हाव दादा," मी म्हणाले. "रान बघूनच दिला."