आमच्या लायनीतली रीडर

तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका. तसं रोह्यात सगळ्यांना माहीतच आहे. भर सत्कारात, हातात चालू माईक असताना, मी माझी अब्रू स्वतःच्या तोंडाने घालवली.

सत्कार रोह्याच्या माझ्या साडूंच्या मुलीचा, अश्विनीचा. ती विलायतेतल्या एका नामांकित विद्यापीठात नोकरीला आहे. किती नामांकित? ते वसंतरावांना, म्हणजे साडूंना, विचारू नका. मी न विचारता चार वर्षं ऐकतोय. जगाच्या यादीत कायम वरच्या नंबरात. लायब्ररी एवढी की आमची पेणची अख्खी रामवाडी आत मावेल. नोबेलवाले मास्तर म्हणे कॅन्टीनच्या रांगेत उभे असतात. आणि माझा मुलगा डोलवीला कंपनीत, तोही कंत्राटी. जळणार नाही तर काय करणार? साडूंचा फोन आला की मी आधी ॲसिडिटीची गोळी घ्यायचो.

मग एक दिवस फोन आला, "भाऊ, आपली अश्विनी रीडर झाली!"

काय सांगू, छातीतली आग एकदम विझली. रीडर? अहो, मी वीज कंपनीत तीस वर्षं रीडरच होतो. मीटर रीडर. घरोघर जाऊन आकडे लिहून घ्यायचे. म्हणजे एवढी विलायत करून पोरगी शेवटी आमच्याच लायनीत आली! विद्यापीठ मोठं, तेव्हा मीटर पुष्कळ असणार, एवढाच काय तो फरक. मी खुशीत आख्ख्या आळीला पेढे वाटले.

बायको म्हणाली, "अवो, एकदा नीट इचारा तरी."

नीट काय विचारायचं? या बाबतीत मला कोण शिकवणार?

सत्काराला साडूंनी आग्रहाने स्टेजवर बोलावलं, चार शब्द बोला म्हणाले. मीही मन मोठं केलं आणि माईक घेतला.

"अश्विनी, लाजू नकोस बाळा. मीसुद्धा तीस वर्षं रीडरच होतो."

अशा टाळ्या पडल्या की मला भरून आलं. तिच्या शाळेचे जुने हेडमास्तर अध्यक्ष होते. त्यांनी उठून मला आपल्या खुर्चीत बसवलं. साडू माझ्याकडे बघतच राहिले. चार वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या वरचढ होतो, आणि खोटं कशाला बोलू, फार गोड वाटत होतं.

हेडमास्तर माझ्याकडे वाकून अदबीने म्हणाले, "सर, आम्हाला कल्पनाच नव्हती. आपला विषय कोणता?"

"सिंगल फेज आणि थ्री फेज, दोन्ही," मी माईकवरच सांगितलं. "सोपं नसतं. कुत्री अंगावर येतात."

अश्विनीने ओठ दाबून धरले. आधी मागची रांग हसली, मग सगळा हॉल. हेडमास्तरांनी हळूच कानात सांगितलं की तिथे रीडर म्हणजे प्रोफेसरच्या एकच पायरी खाली. माझे कान तापले. खुर्चीतून उठावं की तिथेच बसून राहावं, तेही सुचेना.

तेवढ्यात साडूंनी माझ्या हातातून माईक घेतला.

"आमचे भाऊ पयल्यापासून असेच गमत्ये हायत," ते म्हणाले. "मुद्दाम करतात, लोकांना हसवायला."

पुन्हा टाळ्या. माझी अब्रू वाचली, आणि वाचवली कोणी, तर साडूंनी!

आता सांगा, या माणसाचं करायचं काय? इतके दिवस मी नुसता त्यांच्या मुलीच्या विद्यापीठावर जळत होतो. आता त्यांच्या चांगुलपणावरही जळतो.